जुना कमोड आणि नळ काढल्यावर

नळ भंगारात देण्याआधी आतून कानशीने थोडा घासा. पिवळा निघाला तर पितळ, त्याला वजनावर चांगला भाव मिळतो. पांढरट निघाला तर जस्ताचा मिश्रधातू, तो स्वस्तात जातो. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर फसू नका. पितळ वेगळंच तोलायला लावा, नाहीतर सगळं एकाच भावात जातं.

कमोडच्या वळणात पाणी उरलेलं असतं. आधी जंतुनाशक ओता, मग स्पंजने टिपा. सीट आणि प्लॅस्टिकची टाकी वेगळी काढा. भांडं धड असेल तर फोडू नका, कुणाला तरी देता येतं. फोडायचंच तर गोणपाटाखाली, चष्मा-हातमोजे घालून. कपच्या काचेसारख्या कापतात. तुकडे दुहेरी गोणीत, पण काचेच्या भंगारात नकोत. चिनी माती काचेबरोबर वितळत नाही. हा राडारोडा घंटागाडीत टाकू नका; मुंबईत पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे.