मोठे नॉनस्टिक पातेले घेताना आणि वापरताना या चुका टाळा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून फोंडा-मडगावच्या भांड्यांच्या दुकानांपर्यंत मोठ्या पातेल्यांची चौकशी सुरू होते. एरवी चौघांचे असलेले घर त्या दिवसांत वीस पानांचे होते, आणि खतखते, मुगागाठी किंवा मणगणे थोडके करून भागत नाही. पूर्वी या कामाला कल्हईचा पितळी टोप असे. अलीकडे ‘स्टॉक पॉट’, ‘कॅसरोल’ किंवा ‘बिर्याणी हंडी’ अशा नावांनी मिळणारी सहा ते दहा लिटरची नॉनस्टिक पातेली अनेक घरांत आली आहेत. मात्र दोन-तीन चवथी उलटण्यापूर्वीच त्यांतली बरीचशी माळ्यावर जातात आणि ‘कोटिंगच हलके होते’ असे म्हणून विषय मिटवला जातो. माझ्या अनुभवात कोटिंगचा दोष क्वचितच असतो. टोप हाताळण्याच्या सवयी आपण या भांड्यालाही लावतो आणि तिथेच ते बिघडते.

लिटरच्या आकड्यावर विसंबणे

पेटीवर छापलेले लिटर बहुधा काठोकाठ भरल्यावरचे असतात, आणि काठोकाठ भरून कोणी स्वयंपाक करत नाही. दुकानात जाताना मोजपट्टी सोबत ठेवावी आणि आतला व्यास व खोली स्वतः मोजावी. २४ सेंटिमीटर व्यास आणि १४ सेंटिमीटर खोली असलेल्या सरळ पातेल्यात सुमारे ६.३ लिटर मावते. व्यास २८ आणि खोली १६ असेल तर सुमारे ९.८ लिटर. ढवळायला आणि उतू जाण्यासाठी जागा सोडून यातले दोन तृतीयांशच वापरात येते, म्हणजे पहिल्यात सव्वाचार लिटरच्या आसपास. एका वाढणीला पाव लिटर धरले तर ते सोळा-सतरा माणसांचे खतखते झाले, आणि बहुतेक घरांना तेवढे पुरते.

त्याहून मोठे घेण्याचा मोह होतो तेव्हा वजनाचा विचार करावा. साडेसहा लिटर उकळता पदार्थ आणि दोन-अडीच किलोचे भांडे मिळून नऊ किलोंचा भार होतो, आणि तो ओट्यावरून उतरवताना दोन्ही दांड्यांवर येतो. हे दांडे स्क्रूने बसवलेले असतील तर ते वापरात सैल होतात आणि वेळच्या वेळी आवळावे लागतात. रिव्हेटचे दांडे त्या मानाने निर्धोक असतात. शिवाय दोन बर्नरच्या शेगडीवर २८ सेंटिमीटरचे पातेले ठेवल्यावर शेजारच्या बर्नरवर चहाचे आधणसुद्धा ठेवता येते की नाही, आणि घरच्या बेसिनमध्ये ते आडवे करून धुता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

बुडाकडे दुर्लक्ष

ग्राहक आतल्या गुळगुळीत थराकडे पाहतात, पण पातेल्याचे आयुष्य बुडाच्या जाडीवर ठरते. ॲल्युमिनियमचे बूड किमान तीन-चार मिलिमीटर जाड असावे. पातळ पत्र्यात ज्योतीच्या वर्तुळापुरताच भाग तापतो, त्यामुळे मधला पदार्थ करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. पातेले पालथे करून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरावी. पट्टीखालून उजेड दिसला तर बूड सपाट नाही.

आमच्या घरच्या पहिल्या पातेल्याचे बूड मात्र घेताना अगदी सपाट होते. ते मीच वाकडे केले. शागुतीचा मसाला परतून झाल्यावर भांडे लगेच धुऊन मोकळे करावे म्हणून ते तसेच नळाखाली धरले. चर्र असा आवाज झाला, पाठोपाठ आतून ‘टक्’ असे काहीतरी वाजले, आणि दुसऱ्या दिवशी शेगडीवर ठेवल्यावर पातेले डुगडुगू लागले. बुडाचा मध्य आतल्या बाजूने उचलला गेला होता. तेल ओतले की ते मध्यावरून ओघळून कडेला गोल तळे करून थांबे आणि कांदा मधोमध कोरडाच भाजला जाई. असे बूड घरी ठोकून सपाट करण्याच्या फंदात पडू नये, कारण ठोकताना कोटिंगला तडे जातात. भांडे हात लावण्याइतके निवल्याशिवाय त्याला पाणी दाखवू नये, हाच त्यावरचा इलाज.

इंडक्शनसाठी घेत असाल तर लोहचुंबक बुडाला घट्ट चिकटतो का ते पाहावे, कारण नुसते ॲल्युमिनियम त्या शेगडीवर तापत नाही. बुडाला बसवलेल्या पोलादी तबकडीच्या कडा समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत गंजू शकतात, म्हणून धुतल्यावर खालची बाजूही फडक्याने पुसावी.

नावांना भुलणे

‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘स्टोन’ ही नावे बहुतेक वेळा वरच्या ठिपक्यांची असतात. भांडे दगडाचे नसते, आणि आत थर असतो तो पुष्कळदा नेहमीच्याच पीटीएफईचा. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला फ्रिजसाठीच्या शीतक वायूंवर काम करताना अपघाताने सापडलेला हा पदार्थ टेफ्लॉन या व्यापारी नावाने घरोघरी पोचला. ‘पीएफओए-फ्री’ या शिक्क्याचेही फार अप्रूप वाटू देऊ नये. पीएफओए हे रसायन कोटिंगच्या निर्मितीत वापरले जात असे, अमेरिकेतील आठ मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत बंद करण्याचे मान्य केले होते, आणि आता बहुतेक भांड्यांवर हा शिक्का असतोच. सिरॅमिक कोटिंग वेगळे असते. ते जास्त उष्णता सोसते, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर उतरतो. महिन्यातून एक-दोनदा निघणाऱ्या मोठ्या पातेल्यात मंद आचेवर रटरटणारेच पदार्थ व्हायचे असतील, तर मी पीटीएफईलाच पसंती देईन.

रिकामे भांडे आणि मोठी आच

रस्सा, डाळ किंवा सार जोवर पातळ आहे तोवर पातेल्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते आणि कोटिंगला कसलाही धोका नसतो. धोका असतो तो पाणी पडण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत. पीटीएफई २६० अंश सेल्सियसपर्यंतच वापरावे असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ३२७ अंशांना ते वितळते आणि ३५० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊन विषारी वायू सुटतात. मोठ्या आचेवरचे रिकामे भांडे काही मिनिटांतच पहिली मर्यादा ओलांडते. या वायूंनी माणसाला तापासारखी कणकण येऊ शकते, आणि घरात पोपट असेल तर तो दगावूही शकतो, कारण पक्ष्यांची फुप्फुसे असे वायू सोसत नाहीत. म्हणून शागुतीसाठी खोबरे, मिरच्या आणि खसखस कोरडी भाजायचे काम लोखंडी तव्यावरच करावे. फोडणी पातेल्यातच द्यायची असेल तर आधी तेल घालून मग मध्यम आच लावावी. घाण्याचे खोबरेल तेल १७५ अंशांच्या सुमारास धुरावू लागते, म्हणजे तेलातून धूर निघाला की आच कमी करायला थोडा अवधी आहे असे समजावे. रिकामे भांडे मात्र असा कोणताच इशारा देत नाही.

ज्योत बुडाबाहेर येऊन बाजूंनी चढू नये, हेही पाहावे. बेकेलाइट या कडक प्लास्टिकचे दांडे त्याच झळीने भाजतात, आणि आपण मात्र निकृष्ट दांडे लावले म्हणून दुकानदाराला बोल लावतो.

तिसऱ्या, कुर्ल्या आणि उकड्या तांदळाचा भात

‘या पातेल्यात काहीही करा, चिकटणार नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य गोव्याच्या स्वयंपाकघरात लागू पडत नाही. तिसऱ्यांचे शिंपले ढवळताना बुडावर खरवडले जातात आणि कितीही धुतल्या तरी उरलेली चिमूटभर रेती पॉलिशपेपरचे काम करते. कुर्लीच्या नांग्याही तशाच. एका तिसऱ्यांच्या सुक्यानंतर पातेल्याच्या आत केसासारख्या बारीक, अर्धगोल रेघा उमटलेल्या मी उजेडात तिरपे धरून पाहिल्या आहेत. कवचाचे मासे स्टीलच्या भांड्यात किंवा मातीच्या बुडकुल्यात करावेत. नॉनस्टिकमध्ये तसाही त्यांचा काही फायदा नाही, कारण तिसऱ्या बुडाला लागत नाहीत.

उकड्या तांदळाच्या भातालाही हे भांडे गैरसोयीचे आहे. भात वेळायचा, म्हणजे पेज ओतून काढायची म्हटले की झाकण किंचित सरकवून जड पातेले तिरपे धरावे लागते, काचेचे झाकण वाफेने निसटते आणि उकळती पेज मनगटावर येते. त्यापेक्षा साधा टोप बरा.

आमसूल, चिंच किंवा कैरी घातलेले पदार्थ यात शिजवायला हरकत नाही, पण रात्रभर त्यातच ठेवू नयेत. कोटिंगवर बारीकसा चरा असेल तरी आंबट आणि खारट रस त्यातून खालच्या ॲल्युमिनियमपर्यंत जातो, धातू आतून खातो आणि काही दिवसांनी त्या जागी थराला फोड येऊन पापुद्रा सुटतो.

बुडाला लागलेच तर

न चिकटणे म्हणजे न करपणे नव्हे, आणि मणगणे हे शिकवते. चण्याची डाळ, साबुदाणे, गूळ आणि नारळाचा रस असे जड साहित्य तळाशी बसले आणि हात क्षणभर थांबला की बुडाला पापडासारखा तपकिरी थर धरतो. स्टीलच्या भांड्यात तो तळाशीच चिकटून राहतो आणि वरचे मणगणे वाचते. नॉनस्टिकमध्ये मात्र पळी लागताच तो अख्खा सुटतो, त्याचे तुकडे होतात आणि करपट वास सगळ्या पातेल्यात पसरतो. म्हणून जळका वास आला की ढवळणे तत्काळ थांबवावे, गॅस बंद करावा आणि वरचा भाग पळीने अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा. तळाचे चार बोटे सोडून द्यावे. पुढच्या वेळी गूळ विरघळल्यानंतर आच अगदी मंद करावी, आणि लाकडी उलथण्याने बूड सतत मोकळे ठेवावे. खतखत्यातही वाटण पडल्यावर हेच करावे लागते.

उरलेला करपलेला थर काढण्यासाठी काथ्या, राख किंवा तारेची घासणी घेऊ नये. नारळाच्या सोडणाने भांडी घासण्याची आपली जुनी सवय पितळेला शोभते, इथे ती घातक ठरते. पातेल्यात कोमट पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावे, निवू द्यावे आणि मऊ स्पंजने पुसावे. आत पांढरट झाक आली असेल तर ते पाण्यातले क्षार असतात आणि व्हिनेगरच्या पाण्याने जातात; तपकिरी चिकट थर जुन्या तेलाचा असतो, आणि त्यासाठी पुन्हा सोडाच. तळ बाहेरून काळा पडू लागला तर भांड्याकडे नव्हे, बर्नरच्या पिवळ्या ज्योतीकडे पाहावे.

पावसाळ्यात भांडी एकात एक रचून ठेवली की दमटपणाने वास धरतात आणि घर्षणाने चरे पडतात. मध्ये सुती फडके घालावे, झाकण वेगळे ठेवावे. काचेच्या झाकणाच्या पोलादी कडेत धुतल्यावर पाणी अडते. ते झटकून झाकण उभे वाळवावे, नाहीतर श्रावणात त्या फटीत काळी बुरशी दिसते.

कोटिंगचे पापुद्रे निघू लागले की दुरुस्ती नाही. चुकून पोटात गेलेला कण शरीरात शोषला जात नाही, तो तसाच बाहेर पडतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण त्या भांड्यात पुन्हा शिजवूही नये. आमचे वाकडे पातेले मी चवथीआधी भंगारवाल्याला दिले. त्याने दांडे आणि झाकण काढून बाजूला ठेवले आणि फक्त ॲल्युमिनियमचे वजन केले. झाकण मी परत घेतले. ते आता उकड्या तांदळाच्या टोपावर बसते.