चॉइस नंबर घेताय? पाकिटात डीडी टाकण्याआधी

गाडी नवी असली की नंबरही भारी हवा, ही हौस महाराष्ट्रात जुनी आहे. सरकारने ती ओळखली आणि ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने २४० आकर्षक क्रमांकांचे दर वाढवले. हौस करायला हरकत नाही. पण पैसे नेमके कुठे जातात आणि त्यातलं परत काहीच का येत नाही, हे डीडी (बँकेचा डिमांड ड्राफ्ट) काढण्याआधी पाहून घ्या.

आधी दर. चारचाकीला ०००१ हवा असेल तर शुल्क ५ लाख, दुचाकीला १ लाख. मुंबई, पुणे, ठाणे, कोल्हापूर अशा जास्त मागणीच्या ठिकाणी चारचाकीचा ०००१ सहा लाखांना. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ यांना चारचाकीसाठी अडीच लाख, दुचाकीसाठी ५० हजार. त्याखालच्या पायऱ्या स्वस्त होत जातात. यादीत नसलेला, म्हणजे जन्मतारखेचा किंवा बेरीज जुळणारा नंबरही मागता येतो आणि त्याचं शुल्क हजारांतच असतं. बेरीज नऊच हवी असेल तर ०००९ चा हट्ट कशाला? ४१२२ ची बेरीजही नऊच होते. ‘बेरीज’ सांगणारे बहुतेक जण खरं तर सुरुवातीच्या शून्यांचेच पैसे मोजत असतात.

यात एक खड्डा तिप्पट शुल्काचा. चारचाकीच्या चालू मालिकेतला (म्हणजे पाटीवरची अक्षरं तीच असलेल्या ०००१ ते ९९९९ या नंबरांतला) हवा तो नंबर गेला असेल तर दुचाकीच्या नव्या मालिकेतून तो चारचाकीसाठी घेता येतो, पण तिप्पट शुल्क भरून. म्हणजे ०००१ पंधरा लाखांना, पुणे-मुंबईकडे अठरा लाखांना. एजंट ‘सर, आजच मिळतोय’ म्हणतो तेव्हा हाच रस्ता असू शकतो. चारचाकीची पुढची मालिका कधी उघडणार, हे आरटीओत विचारा. थांबायची तयारी असेल तर दोन तृतीयांश पैसे वाचतात.

नवी मालिका सुरू होण्याआधी आरटीओ तारखा जाहीर करतं. अर्जासोबत पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन आणि मूळ शुल्काचा डीडी लागतो. डीडी राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेचा असावा आणि जाहीर सूचनेत दिलेल्या नावानेच काढावा. पत्ता त्याच आरटीओच्या हद्दीतला हवा. अर्ज सर्वांत जास्त अडतात ते नावावर. गाडीचं बिल मुलाच्या नावाने आणि नंबरचा अर्ज वडिलांच्या नावाने, असा घोळ करू नका. शोरूमचं बुकिंग ज्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावाने. नव्या मालिकेतून उरलेल्या नंबरांसाठी मात्र आता रांगेची गरज नाही, ते परिवहन विभागाच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीने घेता येतात.

एकाच नंबरला दोन-चार अर्ज आले की यादी नोटीस बोर्डावर लागते आणि लिलाव होतो. हा लिलाव बोली पुकारून होत नाही. प्रत्येकाने जादा रकमेचा एकच डीडी सीलबंद पाकिटात द्यायचा, पाकिटं अर्जदारांसमोर फोडली जातात, ज्याची रक्कम जास्त त्याचा नंबर. इथे भले भले फसतात. समोरच्याने ५०० रुपये टाकले आणि तुम्ही ७५ हजार, तर तुमचे ७५ हजार पूर्ण जातात, वर मूळ शुल्क आहेच. त्यातून प्रतिस्पर्धी गावातलाच, एखाद्या निवडणुकीतला विरोधक निघाला की आकडा डोक्याने ठरत नाही, रागाने ठरतो. म्हणून यादी लागण्याआधीच कमाल रक्कम घरात कागदावर लिहून ठेवा आणि डीडी काढायला त्या भांडणात नसलेल्या माणसाला पाठवा. गोल आकडा टाळा. पन्नास हजार टाकणारे बरेच असतात, ५१,३०० टाकणारा त्यांच्या पुढे जातो. हरलेल्यांचे डीडी परत मिळतात.

नंबर मिळाला की ठरलेल्या मुदतीत गाडीची नोंदणी झालीच पाहिजे. शोरूमकडून गाडी उशिरा आली तर नंबर रद्द होतो आणि शुल्क बुडतं. त्यामुळे डिलिव्हरीची तारीख लेखी घेतल्याशिवाय अर्ज करू नका. घेतलेला नंबर नंतर बदलूनही मिळत नाही.

आता हिशोब. चौदा लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत १२ टक्क्यांनी रोड टॅक्स होतो १ लाख ६८ हजार. ०००९ चं शुल्क त्याहून जास्त. विम्याची आयडीव्ही, म्हणजे गाडी गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देते ती रक्कम, गाडीच्या किमतीवर ठरते, त्यात नोंदणीचा खर्च धरत नाहीत. गाडी चोरीला गेली तर नंबरचे अडीच लाखही तिच्याबरोबर गेले. विकताना एखादं हौशी गिऱ्हाईक भेटलं तर भेटलं, जुन्या गाडीवर कर्ज देणारी बँक नंबरला किंमत देत नाही. तेच अडीच लाख ७ टक्के चक्रवाढीने दहा वर्षं ठेवले तर सुमारे ४ लाख ९२ हजार होतात. नंबरसाठी वैयक्तिक कर्ज काढायचा विचार असेल तर हा आकडा उलट बाजूने वाचा, तिथे व्याज मिळत नाही, भरावं लागतं.

शेवटी पाटी. ४१४१ घेणाऱ्यांना त्यात ‘दादा’ दिसतो, ८०५५ वाल्यांना ‘बॉस’, २१४ मध्ये ‘राम’. इंग्रजी अंक थोडे वळवले की तसं वाचता येतं हे खरं, पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे आणि तिच्यावर अक्षरं-अंक ठरलेल्या साच्यातच येतात. वेगळी पाटी बनवून लावली तर पहिल्यांदा ५०० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर १५००. आणि असा नंबर कॅमेऱ्यात जसा लक्षात राहतो तसाच चौकातल्या हवालदाराच्याही राहतो. ‘दादा’ची हौस असेल तर ४१४१ साध्या अंकांत दिसला तरी चालेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर अर्ज तिथेच थांबवा.