कृत्रिम भाषा शिकायची कशी आणि ऑनलाइन समूहात रुजवायची कशी

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, म्हणजेच कृत्रिम भाषेचे व्याकरण एका बैठकीत वाचून होते. तिचे जनक लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सामध्ये या भाषेचे पहिले पुस्तक छापले, तेव्हा त्यात १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द होते. इतकी सोपी भाषा शिकायला घेऊनही अनेक जण मध्येच सोडून देतात. नियम जड जातात म्हणून नव्हे, तर बोलायला कोणी नसते म्हणून. अशा भाषेला स्वतःचा प्रदेश नसतो, तिचे बोलणारे म्हणजेच तिचा मुलूख. म्हणून इथे शिकणे आणि प्रसार करणे ही दोन वेगळी कामे मानू नका.

१. भाषा निवडताना आधी माणसे पाहा

सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेल्या टोकी पोना या कृत्रिम भाषेत साधारण १२० शब्द आहेत. ती लवकर हाताशी येते, पण नेमके काही सांगायचे असेल तर बरीच फिरवाफिरव करावी लागते. लोजबान या दुसऱ्या कृत्रिम भाषेची वाक्यरचना तर्कशास्त्रावर बेतलेली आहे, तिला चिकाटी हवी. एस्पेरांतोकडे साहित्य, नियतकालिके आणि संमेलनांची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. तिचे पहिले जागतिक संमेलन १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-स्युर-मेर इथे भरले होते.

टेलिग्रामवर किंवा डिस्कॉर्डवर त्या भाषेचे एक-दोन गट शोधा आणि आठवडाभर नुसते वाचत राहा. नवख्याच्या प्रश्नाला उत्तर मिळते का? गटात ती भाषा वापरली जाते, की नुसती तिच्याबद्दल चर्चा होते? दुसऱ्या प्रकारच्या गटात वर्ष घालवले तरी भाषा येत नाही. पहिलीच वेळ असेल तर मी एस्पेरांतो सुचवेन. पुढची उदाहरणेही तिचीच देतो.

२. पाया घाला, पण त्यात अडकून पडू नका

एस्पेरांतोची अक्षरे २८. प्रत्येकाचा उच्चार ठरलेला, आणि शब्दातल्या शेवटून दुसऱ्या स्वरावर जोर. मराठी माणसाला इथे एक आयता फायदा मिळतो. या भाषेत ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च यांना वेगवेगळी अक्षरे आहेत, आणि दोन्ही उच्चार आपल्या तोंडात आधीपासून बसलेले आहेत. सहा अक्षरांवर खुणा असतात, त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये एस्पेरांतो कीबोर्ड पहिल्याच दिवशी जोडून घ्या. तो नसेल तर अक्षरापुढे एक्स लिहिण्याची पद्धत सगळ्यांना समजते.

मग प्रत्यय. नामाच्या शेवटी ‘ओ’, विशेषणाच्या शेवटी ‘आ’. क्रियापदाला वर्तमानासाठी ‘आस’, भूतकाळासाठी ‘इस’, भविष्यासाठी ‘ओस’. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, त्यावरून ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा आणि ‘लेर्नांतो’ म्हणजे शिकणारा. ‘बोना’ म्हणजे चांगला, ‘मालबोना’ वाईट. शब्दांची यादी घोकण्यापेक्षा असे जोडकाम करत राहा. शंभरेक मूळ शब्दांतही बरेच बोलता येते.

मराठी शिकणाऱ्याचा पाय बहुतेक कर्माच्या शब्दाला शेवटी लागणाऱ्या ‘न’वर अडतो. आपण ‘मुलाला पाहतो’ म्हणतो, पण ‘पुस्तक वाचतो’ म्हणताना पुस्तकाला काही लावत नाही. एस्पेरांतोत दोन्हीकडे ‘न’ हवाच: ‘मी विदास क्नाबोन’, ‘मी लेगास लिब्रोन’. (‘मी’ हे सर्वनाम तिथेही मीच आहे, हे पाहून मला फार आनंद झाला होता.) उलट अनेकवचनात विशेषणही बदलते, हे ‘चांगला मुलगा, चांगली मुले’ म्हणणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. लेर्नू हे २००२ पासून चालू असलेले मोफत संकेतस्थळ या टप्प्याला पुरेसे आहे.

३. पहिल्याच आठवड्यात गटात लिहा

रोज तीन वाक्ये पुरेत: आज काय केले, काय वाचले, उद्या काय करणार. शब्दकोश उघडा, पण पूर्ण परिच्छेद यंत्राकडून भाषांतरित करून चिकटवू नका. वाचणाऱ्याला ते कळते, आणि तुमची नेमकी अडचण कुठे आहे हे कोणालाच समजत नाही.

एस्पेरांतो बोलणाऱ्यांमध्ये आपल्याच मातृभाषेत गप्पा मारत बसण्याला ‘क्रोकोदिली’ असे क्रियापद आहे. मराठी मित्रांसोबत शिकत असाल तर हा मोह हमखास होतो. व्याकरणाच्या शंकांसाठी मराठीचा वेगळा धागा ठेवा आणि मुख्य गप्पा त्या भाषेतच होऊ द्या.

चुका दुरुस्त करणाऱ्याचे आभार माना. दुसऱ्याची चूक दाखवताना मात्र एका वेळी एकच दाखवा, आणि आधी त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या. बोलण्याऐवजी नुसती लाल रेघ मिळाली, तर नवखा माणूस पुन्हा लिहीत नाही.

४. भाषेची स्तुती नको, भाषेत काम करा

‘जगातली सर्वांत सोपी भाषा’ अशी जाहिरात करून कोणी टिकत नाही. ही भाषा मातृभाषांची जागा घेईल, असेही सांगू नका. झामेनहोफ यांना ती सर्वांची समाईक दुसरी भाषा म्हणून हवी होती. लोक येतात ते तिथे करण्याजोगे काही असेल तर. तातोएबा या वाक्यसंग्रहात एस्पेरांतो वाक्यांची मराठी भाषांतरे भरा. एस्पेरांतो विकिपीडिया २००१ पासून आहे, तिथे तुम्हाला नीट ठाऊक असलेल्या विषयावर छोटा लेख लिहा आणि जाणत्यांकडून तपासून घ्या. मराठीतून समजावणारे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करा.

आणि नवशिके असताना भाषा सुधारायला निघू नका. एस्पेरांतोच्या आधी योहान मार्टिन श्लायर यांची वोलाप्युक ही कृत्रिम भाषा युरोपभर गाजली होती. सुधारणा कोणत्या करायच्या आणि अंतिम शब्द कोणाचा, या वादात तिची चळवळ फुटली. झामेनहोफ यांनी आपल्या भाषेवरचा हक्क सुरुवातीलाच सोडला होता, आणि १९०५ मध्ये मूळ नियम कायम ठरवले गेले. १९०७ मध्ये इदो ही सुधारित भाषा वेगळी निघाली, तरी मूळ भाषा तगली.

५. स्वतःचा गट काढायचा असेल तर

चार-पाच जण जमले की पुरे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचा कॉल ठेवा. विषय आदल्या दिवशी कळवा, म्हणजे सगळे शब्द शोधून येतील. नवख्याला बोलायला लावण्याआधी दोन कॉल नुसते ऐकू द्या. गटाचे अ‍ॅडमिन पहिल्या महिन्यातच दोघे करा, आणि एकेका आठवड्याचा कॉल एकेकाने चालवायचा असे ठरवा. तुम्ही आजारी पडलात किंवा कामात बुडालात तरी तो कॉल चुकता कामा नये.