सोप्या प्रश्नांवर अडू नये म्हणून: क्विझ शोला निघालेल्या नागपूरकरांची तयारी

‘कोण होणार करोडपती’ किंवा ‘कौन बनेगा करोडपती’ची तयारी बहुतेक जण चालू घडामोडींच्या मासिकांपासून सुरू करतात. पुरस्कार, करंडक, शिखर परिषदा तोंडपाठ होतात आणि माणूस अडतो तो महाराष्ट्राला कोणकोणती राज्ये लागून आहेत यावर. आंध्र प्रदेश हा पर्याय दिसला की हात तिकडे जातो. २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळे झाले आणि महाराष्ट्राची आंध्रला लागलेली सीमा संपली. गडचिरोलीची हद्द आता छत्तीसगड आणि तेलंगणाला भिडते. शाळेत शिकलेले बरोबरच होते, पण मध्यंतरी जग बदलले आणि वही तशीच राहिली. सामान्यज्ञानातली बरीचशी भोके अशीच पडतात. म्हणून नवीन काही वाचण्याआधी जुने तपासून घ्यावे.

आधी भोके शोधा

शंभर प्रश्न काढा, दहा-दहाचे दहा गठ्ठे: महाराष्ट्राचा भूगोल, देशाचा भूगोल, इतिहास, राज्यघटना व कारभार, विज्ञान आणि शरीर, रामायण-महाभारत, मराठी भाषा व म्हणी, स्वयंपाकघर आणि शेती, खेळ, सिनेमा-संगीत. प्रश्न बालभारतीच्या पाचवी ते दहावीच्या पुस्तकांतूनच घ्या. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात. प्रश्न घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि पर्याय न देता उत्तर लिहा. पर्याय समोर असले की ओळखीचे नाव पाहून वाटते, हे तर येतच होते. पर्याय झाकले की खरे काय ते कळते.

प्रत्येक उत्तरापुढे लगेच खूण करा: ‘पक्के’, ‘अर्धवट’ किंवा ‘अंदाज’. मग तपासा. दहापैकी सातपेक्षा कमी आले तो गठ्ठा कच्चा धरा. पण त्याहून महत्त्वाची यादी वेगळीच आहे: ‘पक्के’ लिहिले आणि चुकले, असे प्रश्न. ते वेगळ्या वहीत उतरवा. अंदाज असला की माणूस लाइफलाइन घेतो, थांबतो, विचार करतो. पक्के चुकीचे माहीत असले की तो थेट लॉक करतो आणि पहिल्या पडावाच्या आधीच घरी येतो.

या वहीत हमखास येणारी काही उत्तरे इथेच सुधारून घ्या. हॉकी हा भारताचा अधिकृत राष्ट्रीय खेळ नाही, कोणत्याच खेळाला तसा दर्जा दिलेला नाही. हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राज्यघटनेत ‘राष्ट्रभाषा’ म्हणून कोणत्याच भाषेचा उल्लेख नाही. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० ला अमलात आली. प्रश्नात ‘स्वीकारली’ आहे की ‘अमलात आली’ हे नीट ऐका. कर्कवृत्त महाराष्ट्रातून जात नाही. ते आठ राज्यांतून जाते: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. नागपूर त्याच्या दक्षिणेला, साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणूनच इथे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात, वर्षातून दोनदा, सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. दिल्लीत हे कधीच घडत नाही.

‘बदलले’ नावाचे एक पान

वहीत एक पान फक्त बदललेल्या गोष्टींचे ठेवा. आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले तेव्हा केंद्रशासित प्रदेश ९ झाले होते. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले आणि आकडा ८ झाला. मधल्या आकड्यावर थांबलेले स्पर्धक पुष्कळ आहेत. महाराष्ट्र १ मे १९६० ला स्थापन झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर. नियोजन आयोगाच्या जागी १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. प्लूटो २००६ पासून बटुग्रह, म्हणजे ग्रह आठ. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये. कोणत्या पदावर कोण आहे ही नावे मात्र या पानावर पेनाने लिहू नका. पेन्सिलीने लिहा आणि चित्रीकरणाला निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा ताडून घ्या.

माहिती सुटी ठेवू नका, साखळीत ओवा

सुटे नाव आठवडाभरात निसटते. ते ज्या जागेला, नदीला, वर्षाला जोडलेले आहे त्यासकट पाठ केले तर टिकते, आणि नागपुरात बसून अशा साखळ्या करणे फार सोपे आहे.

नदीपासून सुरुवात करा. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे सीताबर्डीवर पडलेला पाऊस पूर्वेच्या समुद्राकडे जातो. आता वर्धा आणि तापी शेजारी ठेवा. दोन्ही मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावतात, पण तापी पश्चिमेला वळून अरबी समुद्राला मिळते. ‘यापैकी पश्चिमवाहिनी नदी कोणती’ हा प्रश्न आला की नर्मदेबरोबर तापीही चटकन आठवते. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला, लांबी सुमारे १४६५ किलोमीटर, ही दोन टोके त्याच ओळीत लिहून टाका.

इतिहासाची साखळी शहरातूनच काढा. १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहने नागपूर वसवले. १८१७ ला सीताबर्डीची लढाई. १८५३ ला तिसरे रघूजी भोसले वारले आणि पाठोपाठ डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावली होती. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नाव ‘एम्प्रेस’ का, तर त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब, १९२३ ला झेंडा सत्याग्रह, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी घेतलेली धम्मदीक्षा. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. या आठ-नऊ खुंट्यांना देशाच्या इतिहासातली इतर वर्षे अडकवत गेलात की ‘आधी काय, नंतर काय’ हा गोंधळ राहत नाही.

विज्ञानासाठी गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एक पूर्ण दिवस द्या. रमण यांनी शोध २८ फेब्रुवारी १९२८ ला जाहीर केला म्हणून त्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन, आणि नोबेल १९३० चे. घरी परतल्यावर शरीराचे आकडे घ्या: प्रौढ माणसाची हाडे २०६, सर्वांत लहान हाड कानात. जीवनसत्त्व आणि त्याच्या अभावाचा आजार यांच्या जोड्या करा. संत्र्यातले ‘क’ कमी पडले तर स्कर्व्ही, ‘ड’ कमी पडले तर मुलांत मुडदूस, ‘अ’ कमी पडले तर रातांधळेपणा.

रस्त्यावरच्या पाट्याही वाचा. सिव्हिल लाइन्सला वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि भारतीय खाण ब्युरो, काटोल रोडला मँगनीज काढणारी मॉइल, वर्धा रोडला पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षण आणि लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था. या सगळ्यांची मुख्यालये नागपुरात आहेत. ‘अमुक संस्थेचे मुख्यालय कोठे’ या प्रश्नावर रोज त्या फाटकासमोरून जाणारा नागपूरकर चुकला तर फार वाईट वाटते, कारण ते गुण फुकटचे होते. झिरो माइलही नीट पाहा. चार घोडे सगळ्यांना माहीत असतात. तो ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित खांब आहे आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत नोंदलेली आहे, हे कमी जणांना माहीत असते.

खिसा आणि स्वयंपाकघर

पहिल्या चार-पाच प्रश्नांत अभ्यासाचे काही नसते, रोजच्या वस्तू असतात. खिशातल्या नोटा उलट्या करून पाहा: १० ला कोणार्क, २० ला वेरूळ, ५० ला हंपी, १०० ला राणी की वाव, २०० ला सांची, ५०० ला लाल किल्ला. स्वयंपाकघरात पुरुष स्पर्धक जास्त अडतात, म्हणून डबे उघडून एकेक जिन्नस कशापासून होतो ते विचारा. साबुदाणा कसावाच्या कंदातल्या स्टार्चचा. हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा चीक. खसखस अफूच्या बोंडातले बी. जवस ज्या झाडाचे, त्याच्याच खोडाच्या धाग्याचे लिनन होते. तर्रीतली मिरची, आलुबोंड्यातला बटाटा आणि टोमॅटो हे तिन्ही अमेरिका खंडातून आलेले.

म्हणी आणि मराठी आकडे यांना कमी लेखू नका. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांची एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत गल्लत होते, आणि सूत्रसंचालक साल मराठीतच वाचतो. ५१ ते ९९ रोज एकदा मोठ्याने म्हणा, आठवड्यात पक्के होतात. रामायण-महाभारताची वंशावळ कागदावर काढा. लक्ष्मणाची ऊर्मिला आठवते, भरताची मांडवी आणि शत्रुघ्नाची श्रुतकीर्ती विसरतात. नकुल-सहदेवांची आई माद्री, कर्णाला वाढवणारी राधा.

रोजचा वेळ

रोज पाऊण तास, सहा आठवडे. पहिली दहा मिनिटे कोऱ्या नकाशाची: एक दिवस महाराष्ट्र, एक दिवस भारत. महाराष्ट्रात आधी विदर्भाचे अकरा जिल्हे भरा, नागपूर विभागाचे सहा आणि अमरावतीचे पाच, मग उरलेले चार विभाग. पुढची वीस मिनिटे चाचणीत सर्वांत कच्च्या निघालेल्या गठ्ठ्याला द्या, आवडत्या विषयाला नाही. उरलेल्या वेळात उजळणी: आज वाचलेले तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुस्तक मिटून आठवायचे. नुसते पुन्हा वाचून काढले तर डोळ्यांना ओळख पटते, पण आठवायची वेळ आली की रिकामे वाटते.

क्रम लावण्याची फेरी

हॉट सीटवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या फास्टेस्ट फिंगरला चार पर्याय क्रमाने लावायला सांगितले तर ज्ञानाइतकीच सवय लागते. शहरांच्या क्रमासाठी नागपूर स्टेशन वापरा. दिल्ली ते चेन्नई मार्ग: दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसी, नागपूर, बल्लारशाह, विजयवाडा, चेन्नई. हा उत्तर-दक्षिण क्रम झाला. मुंबई ते हावडा मार्ग: मुंबई, नाशिक, भुसावळ, अकोला, नागपूर, गोंदिया, रायपूर, बिलासपूर, हावडा. हा पश्चिम-पूर्व. या दोन ओळी पाठ असल्या की नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागत नाही. चिठ्ठ्यांवर चार-चार नावे लिहून रोज पाच वेळा क्रम लावा. आधी दोन टोके पक्की करा, मधली दोन नंतर. आणि प्रश्नातली दिशा बोट उचलण्याआधी एकदा मनात म्हणा. क्रम बरोबर, पण दक्षिणेकडून उत्तरेकडे विचारलेला उलटा लावला, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. हॉट सीटवर ‘यापैकी कोणते नाही’ यातला ‘नाही’ असाच सुटतो.

लाइफलाइन

लाइफलाइन दर हंगामात थोड्या बदलतात, म्हणून चालू हंगामाचे नियम आधी वाचा. प्रेक्षकांचे मत सिनेमा, सण, खाणे, क्रिकेट अशा सगळ्यांच्या ओळखीच्या विषयावर घ्या. घटनेतले कलम किंवा शास्त्रज्ञाचे नाव प्रेक्षकांना विचारू नका, तिथे मते विखुरतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. फोनवरचा मित्र तुमच्या कच्च्या गठ्ठ्यांप्रमाणे निवडा. तुम्ही विज्ञानात कच्चे असाल तर दुसरा इतिहासाचा जाणकार मदतीला येत नाही. त्याच्याबरोबर तीस सेकंदांचा सराव घड्याळ लावून करा: पहिल्या बारा-पंधरा सेकंदांत प्रश्न आणि चारही पर्याय वाचून झाले पाहिजेत. ‘नमस्कार, कसा आहेस’ला त्यात जागा नाही. मित्राने उत्तराबरोबर खात्री किती ते टक्क्यांत सांगायचे, हे आधीच ठरवून ठेवा. साठ टक्क्यांच्या खालचे उत्तर आले आणि चुकल्यास मोठी रक्कम जाणार असेल, तर खेळ तिथेच सोडा.