पायथॉनने मराठी शब्द शोधताना या चुका टाळा

मराठी मजकुरात सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द काढायला जावं आणि यादीच्या टोकाला 'त', 'र', 'क' अशी सुटी अक्षरं दिसावीत, असं झालं तर मजकुराला दोष देऊ नका. तुमची स्क्रिप्ट चुकली आहे. दर वर्षी जळगाव-भुसावळकडची नवी पोरं हीच यादी घेऊन येतात आणि दर वर्षी म्हणतात, "सर, डेटाच खराब आहे."

डेटा बरा असतो. पायथॉनचं नेहमीचं आरई मॉड्यूल, म्हणजे मजकुरात नमुना शोधणारं साधन, शब्दातलं अक्षर कशाला म्हणतं, ते आधी बघा. त्याच्या लेखी अक्षर, अंक आणि अंडरस्कोर एवढंच शब्दात बसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही युनिकोडमध्ये अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. म्हणून बॅकस्लॅश-डब्ल्यूने, म्हणजे शब्दातलं अक्षर पकडणाऱ्या खुणेने, 'नंदुरबार' तोडलं की 'न', 'द', 'रब', 'र' हाती येतं. शब्दाची हद्द दाखवणारा बॅकस्लॅश-बी याच हिशोबावर चालतो, म्हणजे शेताचा बांध घराच्या ओट्यातून काढल्यासारखं होतं.

यावरून एका पोराची झालेली फजिती सांगतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका व्यापाऱ्याकडे बाजारभावाचे मेसेज साठलेले होते. त्यातले केळीचे वेगळे काढायचे होते. या पोराने 'केळी'च्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी लावला आणि रिपोर्ट दिला. रिपोर्टप्रमाणे सगळे लोक नुसता भाव विचारत होते, सांगत कोणीच नव्हतं! झालं होतं असं: 'रावेर केळी १८००' या ओळीत 'केळी'नंतर मोकळी जागा आहे. शेवटची वेलांटी पायथॉनला अक्षर वाटत नाही, मोकळी जागाही अक्षर वाटत नाही. दोन बिगर-अक्षरांमध्ये हद्द नसते, म्हणून ओळ गळाली. 'केळीचा भाव काय?' मध्ये मात्र वेलांटीनंतर 'च' येतो, तिथे हद्द सापडते, म्हणून ती ओळ आली. हवं होतं त्याच्या बरोबर उलटं.

"पण मी टेस्ट केलं होतं, सर." केलं होतं खरं, 'जळगाव' या शब्दावर. तो 'व'वर संपतो, म्हणून निभावलं. तोच नमुना 'जळगावात'लाही लागतो आणि 'जळगावला'ला लागत नाही, हे बघायला थांबायचं कोणी? 'धुळे' किंवा 'चोपडा' टाकून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्यावर त्याचा उपाय काय, तर बॅकस्लॅश-बी काढूनच टाकला. मग 'भाव' शोधताना 'पावसाचा अभाव', 'प्रभाव' आणि कोणी भावसार, सगळे आत. असल्या शॉर्टकटची मला चीड आहे, कारण आकडे भरपूर येतात आणि कोणी तपासत नाही.

मी आरई वापरतच नाही. पिपने, म्हणजे पायथॉनची पॅकेजं टाकणाऱ्या आज्ञेने, रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज टाकतो. त्यात चिन्हंही शब्दाचा भाग मानली जातात आणि बॅकस्लॅश-बी जिथे हवा तिथे बसतो. ऑफिसच्या मशीनवर पॅकेज टाकू देत नसतील, तर शब्दाच्या मागे-पुढे देवनागरीचं काही नको अशी अट हाताने लिहा: युनिकोडची ०९०० ते ०९७एफ ही पट्टी. ०९६४ आणि ०९६५ मात्र वगळा. ते दंड आहेत आणि ओव्या-अभंगांत शब्दाला चिकटून येतात.

हद्द नीट बसली की पुढचं दुखणं सुरू होतं, आणि ते मराठीचंच आहे. आता 'धुळे' सापडेल, पण 'धुळ्याला' सापडणार नाही. 'शिरपूर' सापडेल, 'शिरपुरात' नाही, तिथे तर ऊकारही ऱ्हस्व झाला. शाळेत सामान्यरूप कंटाळत शिकलेल्यांना ते इथे परत गाठतं. मी प्रत्येक नावाची दोन रूपं एका फाइलीत ठेवतो, 'धुळे' आणि 'धुळ्या'. पहिल्याला दोन्हीकडून हद्द. दुसऱ्याला फक्त सुरुवातीला, पुढे प्रत्यय काहीही येवो. हे फार हुशारीचं काम नाही, पण तालुक्यांची यादी एका बैठकीत होते आणि पुढे सारखी कामाला येते.

बाकीच्या चुका पटापट. नमुन्याच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी आर हे अक्षर लावा. नाही तर बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस होतो आणि काहीच सापडत नाही, एररही येत नाही. ओळीचे शब्द तोडणाऱ्या स्प्लिटच्या कंसात स्पेस देऊ नका, कंस रिकामा ठेवा. दोन स्पेस लागोपाठ आल्या की रिकामे शब्द मोजले जातात. '५०क्विंटल'मध्ये अंक आणि अक्षर यांच्यात हद्द नसते, रेजेक्समध्येही नाही.

'शेतकऱ्यांना' हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि तिन्ही सारखेच दिसतात: ऱ एकसंध, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसारखं रूप, करून घेतल्यावर पहिले दोन एक होतात. तिसरा तुम्हालाच बदलावा लागतो, शोधायला लागायच्या आधी.

आणि हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये उतरवणाऱ्यांसाठी: तिथला बॅकस्लॅश-बी देवनागरी ओळखतच नाही, युनिकोडसाठीचा यू फ्लॅग लावला तरी. मजकूर तोडून देणारा तिथला इंटल सेगमेंटर वापरा आणि त्याला वर्ड सांगा.