‘स्टारड्यू व्हॅली’तील पहिल्या वसंताची वेचणी

‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि तो पालटताच वसंतातले पीक शेतातच मरून जाते, म्हणून कम्युनिटी सेंटरच्या बंडलांची (गावच्या सभागृहात ठरावीक जिन्नस देऊन पूर्ण करायच्या संचांची) तयारी पहिल्या दिवसापासूनच करावी. रानात आपोआप उगवणारे वाइल्ड हॉर्सरॅडिश, डॅफोडिल, लीक आणि डँडेलियन यांचा प्रत्येकी एक नग पेटीत राखून ठेवावा. पैशांची कितीही चणचण असली तरी तो विकू नये, कारण या चार जिन्नसांचे बंडल पूर्ण केल्यावर वसंतातल्या रानबियांचे ३० नग मिळतात. न वेचलेले जिन्नस शनिवारी रात्री नाहीसे होतात, हेही ध्यानात असावे.

शेतात खरी कसोटी फ्लॉवरची. पार्सनिप ४ दिवसांत आणि बटाटा ६ दिवसांत हाती येतो, परंतु फ्लॉवरला १२ दिवस लागत असल्याने, वाढ लवकर करणारे खत नसेल तर त्याचे बी १६ तारखेपर्यंत पेरलेच पाहिजे. (१७ तारखेला पेरून २८ तारखेच्या रात्री हिरव्या रोपांकडे नुसते बघत बसण्याचा अनुभव मी घेतला आहे.) पार्सनिप मात्र मुबलक लावावे, कारण दर्जेदार पिकांच्या बंडलात ते द्यायचे तर सोनेरी ताऱ्याचे, म्हणजे उच्च दर्जाचे, ५ नग लागतात. १५ ते १८ तारखांना झुडपे हलवून सॅमनबेरी गोळा कराव्यात. खाणीत उतरताना याहून स्वस्त शिदोरी नाही.