मॉर्फीचा ऑपेरावाला डाव घरी कसा शिकायचा

जळगावात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोयच नाही भो, तर कूलर लावा अन् बुद्धिबळाचा पट मांडा. पॉल मॉर्फी, न्यू ऑर्लिन्सचा, जन्म 1837 चा, विशीत अमेरिकेतली पहिली मोठी स्पर्धा जिंकला अन् 1858 ला युरोपात जाऊन अँडरसन या नामी जर्मन खेळाडूलाही हरवलं. त्याच साली पॅरिसच्या ऑपेरा हाऊसात एक ड्यूक अन् एक काउंट मिळून मॉर्फीविरुद्ध खेळले, डाव फक्त 17 चालींचा.

आधी नुसत्या चाली लावा, इंजिन, म्हणजे चाली सुचवणारं ॲप, बंद ठेवा (पोरं लगेच मोबाईल काढता). आठव्या चालीला थांबा. पांढऱ्याला, म्हणजे मॉर्फीला, बी सातचं (बी या उभ्या पट्टीतल्या सातव्या घरातलं) प्यादं फुकट दिसतं, पण ते खाल्लं की काळा वजिराने शह देऊन वजिरावजिरी (दोघांचेही वजीर पटाबाहेर) करतो, म्हणून मॉर्फी गुपचूप घोडा बाहेर काढतो. बाराव्याला कॅसलिंग (राजा अन् हत्ती एकाच चालीत हलवायचे), अन् हत्ती थेट डी पट्टीवर! सोळाव्याला वजीर देऊन टाकतो, पुढच्याच चालीला मात, तेव्हा प्यादी सोडून त्याच्याकडे फक्त राजा, एक हत्ती, एक उंट. काळ्याचा राजाकडचा उंट अन् हत्ती जागचे हललेच नाहीत, ते मोजून बघा.

मग पट न बघता सगळा डाव तोंडी म्हणायचा, मला चार दिवस लागले.